गोळ्या लपवणाऱ्या मुलाच्या आईला

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सोळा वर्षांचा आहे, दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त लागतं, फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 3,800 वर गेलंय आणि शरीरातलं जास्तीचं लोह काढणाऱ्या गोळ्यांच्या न घेतलेल्या पट्ट्या गादीखाली सापडल्या. विचारलं तर म्हणतो, "नाही घेतल्या तरी मला काही होत नाही." मलाही त्याच्यासारखाच थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीराला स्वतःचं पुरेसं रक्त बनवता येत नाही असा जन्मजात आजार. तिशी ओलांडलेली, गोळ्यांऐवजी पंपाने औषध घ्यायच्या जमान्यात वाढलेली. हे उत्तर त्यालाही वाचायला द्या.

त्याला तसं वाटणं साहजिक आहे. रक्ताची तारीख पुढे गेली की जिना चढताना दम लागतो, चेहरा उतरतो. गोळी चुकली तर त्या दिवशी काहीही जाणवत नाही. म्हणून त्याच्यासमोर आधी हिशेब मांडा. रक्ताच्या एका पिशवीत साधारण 200 मिलिग्रॅम लोह असतं. दोन पिशव्या, वर्षातून सतरा वेळा, म्हणजे जवळजवळ 7 ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात 3 ते 4 ग्रॅमच असतं. आणि शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. बाकीचं यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात, वाढीची हार्मोन्स तयार करणाऱ्या ग्रंथींत साठतं. मिसरूड उशिरा फुटणं, उंची खुंटणं, पुढे मधुमेह, हे त्यातूनच येतं. सोळाव्या वर्षी मुलांना हे हृदयापेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

हृदयाचं मात्र त्याला नीट सांगा, घाबरवू नका. तिथे लोह साठलेलं असतानाही इको (हृदयाची सोनोग्राफी) बरेच दिवस नॉर्मल येऊ शकतो. फेरिटिनही पूर्ण चित्र दाखवत नाही, साध्या तापातही ते वाढतं. म्हणून टी-टू-स्टार एमआरआय, म्हणजे अवयवांत साठलेलं लोह मोजणारा एमआरआय, करून घ्या. हृदयाचा आकडा 20 मिलिसेकंदांच्या वर असेल तर चांगलं, 10 च्या खाली असेल तर उपचार लगेच जोरात करावे लागतात. आणि साठलेलं लोह निघतं, हेही त्याला कळू दे. यकृतातलं त्या मानाने लवकर उतरतं, हृदयातलं उतरायला वर्षं लागतात, पण उतरतं.

रोजच का, असं तो विचारेलच. औषध रक्तात असतं तोवरच मोकळं फिरणारं लोह पकडून ठेवतं. ते संपलं की ते लोह पुन्हा अवयवांत शिरायला मोकळं. म्हणून रविवारची सुट्टी नाही आणि चुकलेल्या गोळ्या दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरूनही काढायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो गोळ्या का टाळतो, हे रागावण्याआधी शोधा. लोह काढणाऱ्या औषधांपैकी डेफेरासिरॉक्सची विरघळणारी गोळी असेल तर बहुतेक चवीचा आणि मळमळीचा प्रश्न असतो. ती काचेच्या ग्लासात पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात ढवळायची, जेवणाआधी अर्धा तास, उपाशीपोटी. तळाला पांढरा साका राहतो त्यात थोडं पाणी घालून तोही प्यायचा, नाहीतर औषध ग्लासातच राहतं. दूध किंवा सोडा नको. थेट गिळायची गोळीही मिळते, तिचा डोस वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवतील. डेफेरिप्रोन या दुसऱ्या औषधाच्या कॅप्सूल असतील तर दुपारचा डोस कॉलेजात मित्रांसमोर घ्यायची लाज वाटते, असं रक्त चढवायच्या डे-केअरमध्ये किती मुलांनी मला सांगितलंय! लघवी लालसर झाली म्हणून घाबरून बंद करणारेही पाहिलेत. ते औषधाबरोबर बाहेर पडणारं लोह असतं, पण पहिल्यांदा दिसलं की डॉक्टरांना सांगून खात्री करून घ्या. सांधे दुखत असतील तर तेही सांगा.

आमच्या वेळी डेस्फेरल या लोह काढणाऱ्या इंजेक्शनची सुई पोटाच्या कातडीखाली लावून रात्रभर पंप चालायचा, सकाळी तिथे सुपारीएवढी गाठ. "आम्ही एवढं सोसलं, तुला साध्या गोळ्या जड होतात?" हे मात्र त्याला ऐकवू नका. त्याला त्याच्या गोळ्या जड होतात, हे खरंच आहे.

दोन बाबतींत हयगय नको. डेफेरिप्रोन चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करा आणि डॉक्टरांना फोन करा, पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात. डेफेरासिरॉक्सवर उलट्या-जुलाब लागले तरी आधी फोन. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या दर महिन्याला, डोळे आणि कान वर्षातून एकदा.

पुढच्या रक्ताच्या तारखेला डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. गोळ्या किती चुकल्या हे त्याने खरं सांगणं फार गरजेचं आहे. नाहीतर डॉक्टर समजतील औषध लागू पडत नाही, आणि डोस वाढवतील.