अमेरिकेत रायफल घेताना बॅरल १६ इंची असावं की २० इंची?

.२२३ कॅलिबरची रायफल घरात, गाडीत, झाडीत वागवायची असेल तर १६ इंचीच घ्या. कायद्याची खालची मर्यादा नेमकी तिथे आहे: नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार बॅरल १६ इंचांहून आखूड किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी झाली की ती ‘शॉर्ट बॅरल्ड रायफल’ ठरते आणि आधी एटीएफची (शस्त्रांवर देखरेख करणारी संघीय संस्था) मंजुरी व नोंदणी लागते. मोजमाप बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद करून, त्याच्या पुढच्या तोंडापासून बॅरलच्या टोकापर्यंत घेतात. नुसता आट्यांवर बसवलेला फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा, टोकावरचा जोड) त्यात धरत नाहीत, पिन मारून वेल्ड केलेला धरतात. १४.५ इंची बॅरल याच वाटेने १६ इंचांत बसवतात, पण पुढे तो हायडर बदलायचा म्हटलं की डोकेदुखी.

२० इंचीत गोळीला वेग जास्त मिळतो, दर इंचामागे ढोबळ २५ ते ५० फूट प्रति सेकंद. शिवाय नेम धरणाऱ्याला आवाजाचा दणका जरा कमी बसतो. लांब बॅरल म्हणजे जास्त अचूक, हा मात्र गैरसमज. ते बॅरलच्या दर्जावर आणि ताठपणावर ठरतं. लांब पल्ल्याच्या मैदानावरच नेमबाजी करणार असाल तर २० इंची खुशाल घ्या.

एक लक्षात ठेवा: हे सगळं संघीय कायद्याचं झालं. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या) सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलची एकूण लांबी ३० इंचांखाली गेली की ती ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे बंदी असलेल्या शस्त्रांच्या वर्गात, धरली जाते, मग बॅरल १६ इंची असलं तरी.