दोन वर्षं आई गेल्यापासून मोजू नका

एका वाचकाने विचारलं आहे: "पक्षाघातानंतर आई चौदा महिने एका खासगी शुश्रूषा केंद्रात होती. ९ नोव्हेंबरला ताप उतरत नाही म्हणून केंद्राने तिला रुग्णालयात हलवलं. तिथे कळलं की माकडहाडापाशी हाडापर्यंत गेलेली जखम आहे. २८ डिसेंबरला आई गेली. केंद्रचालक 'भरपाईचं बसून बोलू' म्हणत राहिले. आता म्हणतात, 'रुग्णाच्या प्रकृतीस संस्था जबाबदार नाही' या अटीवर तुमची सही आहे. डिसेंबर अखेर दोन वर्षं होतील, म्हणजे अजून वेळ आहे. आधी पोलिसांत जावं की ग्राहक न्यायालयात?"

'अजून वेळ आहे' हे तुमचं वाक्य आधी खोडून टाका. बाकी सगळं त्यानंतर.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्ही ही दोन वर्षं आई गेल्या दिवसापासून मोजताय. केंद्राचा वकील मोजेल ९ नोव्हेंबरपासून. त्या दिवशी आई त्यांच्या दारातून बाहेर पडली, सेवा संपली, जी काही हेळसांड झाली ती त्याआधीच झाली, असं तो म्हणेल. मृत्यूमुळे कारण नव्याने घडलं असा युक्तिवाद मीही करेन आणि तो कदाचित मान्यही होईल. पण ज्या मुद्द्यावर तक्रार पहिल्याच तारखेला अडकू शकते, तो मुद्दा उरूच कशाला द्यायचा? तुमचं पत्र मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. म्हणजे तुमच्या हातात बारा आठवडे नाहीत, जेमतेम पाच आहेत. ऑक्टोबर संपायच्या आत तक्रार दाखल झालेली असली पाहिजे.

'बोलणी चालू होती' म्हणून मुदत थांबत नाही. जवळजवळ प्रत्येक पत्रात मला हेच वाचावं लागतं आणि दर वेळी जीव हळहळतो. समोरचा गोड बोलतो, पुढच्या महिन्यात बसू म्हणतो, माणूस दुःखात असतो, भांडण नको वाटतं, आणि दिवस सरत जातात. पुरेसं कारण असेल तर ग्राहक आयोग, म्हणजे तुम्ही म्हणता ते ग्राहक न्यायालय, विलंब माफ करू शकतो, तशी तरतूद त्याच कलमात आहे. पण निव्वळ तोंडी आश्वासनांवर विसंबून राहिलो हे कारण मान्य होईलच याची हमी मी देणार नाही.

आता कराराची अट. तुम्ही तो न वाचता सही केलीत, हे चुकलंच. तरी तुम्ही घाबरलात तितकी ती अट भक्कम नाही. वयोमानाने प्रकृती ढासळली तर संस्था जबाबदार नाही, इथपर्यंत ठीक. अंथरुणाला खिळलेल्या बाईची कूस दर दोन तासांनी बदलायची, ओली चादर काढायची, पाणी पाजायचं, यासाठीच तर तुम्ही दरमहा पैसे भरत होता. ते केलं नाही तर ती सेवेतील त्रुटी आहे, आणि निष्काळजीपणा किंवा टाळाटाळीमुळे झालेली इजा कायद्याने त्या व्याख्येत स्पष्ट घातली आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. करारच अनुचित ठरवून द्या, अशी मागणी तक्रारीत घालू नका. तो अधिकार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे आहे, आणि अधिकारक्षेत्राच्या वादात तुमचे महिने जातील.

तुम्ही जोडलेले व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट मी दोनदा पाहिले. रोज सकाळी एक फोटो: आईचा चेहरा, छातीपर्यंत ओढलेली शाल, खाली 'काकू छान आहेत, नाश्ता झाला'. शालीखाली काय चाललंय ते एकाही फोटोत नाही. आणि मग १२ ऑक्टोबरचा निरोप: 'कंबरेखाली थोडं लाल झालंय, पावडर लावतोय.' तुमची सगळी केस या एका ओळीत आहे. म्हणजे जखमेची सुरुवात केंद्राला चार आठवडे आधी माहीत होती. त्यांनी डॉक्टर बोलावला नाही, हवेची गादी घातली नाही, नुसती पावडर लावली. स्पष्टच लिहितो, त्या निरोपाला तुम्ही अंगठा पाठवलात, आणि नंतरच्या दोन भेटींत चादर बाजूला करून पाहिलं नाहीत. समोरचा वकील यावर बोट ठेवणारच. पण तुम्ही डॉक्टर नव्हता, आणि विश्वास टाकण्यासाठीच तुम्ही पैसे मोजत होता, हे त्याचं उत्तर आहे.

तो फोन विकू नका, बदलू नका, त्यातलं संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांचं विचारलंत. तुमची घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्याने भारतीय न्याय संहिता लागू होते. तिच्या कलम ३५७ मध्ये नेमकं हेच सांगितलंय: आजारपणामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाची देखभाल करायला जो कराराने बांधलेला आहे, त्याने जाणूनबुजून ती केली नाही तर तो गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण एवढ्या कमी शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष आहे, आणि ती गेल्या नोव्हेंबरात संपली. दंडाधिकारी उशीर माफ करू शकतात, पण मी त्यावर विसंबणार नाही. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे कलम १०६, याला ही मुदतीची अडचण नाही, पण जखमेमुळेच मृत्यू झाला हे सिद्ध करणं अवघड आहे. तो मार्ग खुला राहील. आज त्यात शक्ती घालवू नका.

जिल्हा आयोगात तक्रार तुम्ही राहता तिथेही करता येते. केंद्राला भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. इथे भरलेले पैसे धरतात, मागितलेली भरपाई नाही. तुम्ही आणि तुमची बहीण, दोघांनी वारस म्हणून नावं घाला. केंद्राला लेखी उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, वर फार तर १५. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या प्रकरणांत या दिरंगाईसारखा अन्याय नाही. निदान आपल्या बाजूने एकही तारीख मागायची नाही.

पुरावा म्हणून तुमच्याकडे फक्त मृत्यूचा सारांश आहे, आणि त्यात नुसता 'जंतुसंसर्ग' लिहिलाय. तेवढ्याने भागणार नाही. मला हवाय तो दाखल केल्या दिवशीचा कागद. रुग्णालयातल्या नर्सने त्या दिवशी जखमेची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. हाडापर्यंतची जखम एका रात्रीत होत नाही, हे सांगायला तो कागद पुरेसा बोलका ठरतो. त्यावर एखाद्या शल्यचिकित्सकाचं लेखी मत मिळालं तर उत्तम. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटलं आहे, पण हाताशी असलेलं बरं.

केंद्राकडून कूस बदलल्याची नोंदवही मागा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. माझ्याकडच्या एका प्रकरणात अशा वहीत महिनाभर दर दोन तासांच्या खुणा होत्या, सगळ्या एकाच पेनाने, एकाच हाताने. बाई रुग्णालयात असतानाच्या तीन दिवसांच्यासुद्धा!

तेव्हा सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जा. आईचे संपूर्ण इनडोअर पेपर, नर्सिंगच्या नोंदींसह, मागणारा लेखी अर्ज द्या. सोबत वारस असल्याचा पुरावा जोडा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच जपून ठेवावे लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.