संभोगाचा हृदयावर भार किती?

प्रश्न: माझे वय ४६ आहे. कोणताही आजार नाही, परंतु संबंधाच्या वेळी छाती इतकी धडधडते की झटका येईल की काय, अशी भीती वाटते. ही भीती रास्त आहे का?

उत्तर: धडधड खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. निरोगी पुरुषाच्या हृदयावर संभोगाच्या वेळी पडणारा भार साधारणपणे दोन मजले भरभर चढून जाण्याइतका असतो. नाडीचे ठोके मिनिटाला १३० च्या आणि वरचा रक्तदाब १७० च्या पुढे क्वचितच जातो, आणि ही कमाल पातळीसुद्धा उत्कटबिंदूच्या वेळी दहा-पंधरा सेकंदच टिकून लगेच ओसरू लागते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, संभोगानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता अडीच पटीने वाढते, असे आढळले. हा आकडा एकटा वाचला तर छातीत धस्स होते. परंतु हृदयविकार नसलेल्या पन्नाशीच्या पुरुषात ही शक्यता मुळातच तासाला दहा लाखांत एक इतकी असते आणि वाढून ती दोनच्या आसपास जाते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही वाढ जवळजवळ दिसलीच नाही. धडधडीबरोबर छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर अथवा श्रमाच्या मानाने जास्त धाप जाणवत असेल, तर मात्र ‘मी निरोगी आहे’ हे गृहीतच तपासून घ्यावे लागेल.

प्रश्न: आठवड्यातून दोनदा संभोग केल्यास हृदयविकार टळतो, असे वाचले. मग वेगळ्या व्यायामाची गरज उरते का?

उत्तर: उरते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पुरुषांचा सुमारे सोळा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी संबंध ठेवणाऱ्यांपेक्षा आठवड्यातून किमान दोनदा संबंध ठेवणाऱ्यांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण कमी आढळले, हे खरे आहे. परंतु ज्याची प्रकृती उत्तम, झोप पुरेशी आणि जोडीदाराशी नाते जिव्हाळ्याचे, त्याला इच्छाही अधिक होते. त्यामुळे यातील कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा निरीक्षणातून ठरवता येत नाही. मॉन्ट्रियल येथे तरुण, निरोगी जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात (२०१३) एका वेळेस पुरुषांची सरासरी सुमारे १०० कॅलरी ऊर्जा खर्च झाली; त्याच पुरुषांची अर्ध्या तासाच्या धावण्यात पावणेतीनशेच्या आसपास खर्च झाली होती. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याची जागा संभोग घेऊ शकत नाही. संख्या गाठण्यासाठी संबंध ठेवणे तर मला अजिबात मान्य नाही. त्यात दोघांचाही आनंद हरवतो.

प्रश्न: हस्तमैथुनाने हृदय दुबळे होते का?

उत्तर: नाही. हृदयावरील भार संभोगापेक्षाही सहसा कमी असतो आणि काही मिलिलिटर वीर्य बाहेर पडल्याने हृदयाच्या स्नायूंचे काहीही बिघडत नाही. नुकसान होते ते वर्षानुवर्षे बाळगलेल्या अपराधी भावनेने.

प्रश्न: वय ५१. गेले वर्षभर लिंगाला पूर्वीसारखी ताठरता येत नाही. बाकी प्रकृती ठणठणीत आहे. हे वयामुळेच असेल ना?

उत्तर: तसे गृहीत धरून बसू नका. आज आलेल्या प्रश्नांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा. ताठरता येण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवावा लागतो. त्याने वाहिन्या सैलावतात आणि रक्त आत येते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हे अस्तर सर्व शरीरभर खराब करतात. परंतु लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. म्हणून बिघाड आधी लहान वाहिन्यांत जाणवतो. छातीत दुखू लागण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी ताठरता कमी झाल्याचे अनेक रुग्णांच्या बाबतीत दिसते. ताण, नैराश्य, काही औषधे किंवा संप्रेरकांची कमतरता हीही कारणे असू शकतात. पहाटे ताठरता नेहमीसारखी येत असेल, तर कारण मानसिक असण्याची शक्यता वाढते. तरीही रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. संकोचामुळे ही तक्रार डॉक्टरांपासून लपवणारे पुरुष मी पाहिले आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण हाताशी असलेली मोलाची वर्षे तशीच निघून जातात.

प्रश्न: मित्राने ताठरता वाढवणारी सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी दिली आहे. हृदय निरोगी असेल तर घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर: दुसऱ्याच्या हातची गोळी घेऊ नका, आधी तपासणी करून घ्या. निरोगी हृदयाला ही गोळी सहसा अपाय करत नाही, पण छातीतील कळेसाठी दिल्या जाणाऱ्या नायट्रेट गटाच्या औषधांबरोबर ती घेतली गेल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि त्याच प्रकारच्या टॅडालाफिल या गोळीनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. म्हणून गोळी घेतल्यावर कधी छातीत दुखू लागले, तर ती केव्हा घेतली हे रुग्णवाहिकेतील किंवा रुग्णालयातील डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.