इंग्रजी राहू दे, आधी बेसिक बघा

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका इंग्लिश मीडियम शाळेत 9 वर्षं मॅथ्स शिकवतेय, एमएससी बीएड आहे. शारजाच्या एका सीबीएसई शाळेची ऑफर आलीय, एप्रिलमध्ये जॉइन व्हायचंय. पगार 4000 दिरहम, त्यात बेसिक 1500, बाकी अलाउन्स, राहायला शाळेचीच जागा. एजंट व्हिसाचे म्हणून 90 हजार मागतोय. पण खरी भीती माझ्या इंग्रजीची आहे, तिथली मुलं हसतील का? मिस्टर जा म्हणतात, सासूबाई काहीच बोलत नाहीत.

उत्तर : ताई, सासूबाईंचं नंतर बघू, आधी तो एजंट. तिथल्या कायद्याप्रमाणे भरतीचा न् व्हिसाचा खर्च शाळेने करायचा असतो, टीचरकडून घ्यायचा नसतो. आपल्याकडचा लायसन्सवाला एजंट स्वतःची फी घेऊ शकतो, पण जास्तीत जास्त 30 हजार अधिक जीएसटी. 90 हजार म्हणजे सरळ चुना लावायचा प्रकार आहे. ई-मायग्रेट या भारत सरकारच्या साइटवर त्याचं नाव सापडतं का बघा आणि शाळेच्या एचआरलाच मेल टाकून विचारा की हा माणूस तुमचा का.

आता ते 1500. तुम्ही जाता जाता लिहिलंत पण मी तिथेच अडकले. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकवर निघते, पहिली 5 वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक, म्हणजे तुमचे वर्षाला 1050 दिरहम. पगार तोच 4000 ठेवून बेसिक 2500 करून घेतलं तर 1750. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच मिळतात. मी दुबईत पहिल्यांदा गेले तेव्हा एकूण आकडा बघून सही ठोकली होती, घरच्यांनी गुणिले रुपये करून पेढे वाटले, आणि 8 वर्षांनी निघताना हिशोबाचा कागद हातात आला तेव्हा स्टाफरूममध्ये बसून तीनदा कॅल्क्युलेटर दाबला. मॅथ्सची टीचर मी! तेव्हा सहीच्या आधी बोला, नंतर कोणी ऐकत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर वर्गात निम्मी मुलं केरळची असतील, त्यांच्या घरी तरी कुठे लंडनचं इंग्रजी बोलतात. माझ्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना एक नाव आलं, आडनाव पिळ्ळा, आधीच्या टीचर त्याला वर्षभर पिल्लई पिल्लई करत होत्या. आपल्याकडे ळ आहेच, मी सहज बरोबर म्हटलं तर तो पोरगा उभाच राहिला, मॅम यू आर मलयाळी? त्यानंतर माझ्या ‘टू टू जा’वर कोणी हसलं नाही, हसलं असेल तर मला कळलं नाही.

डिग्री खरी असल्याचे शिक्के घ्यायचं काम मात्र आजच सुरू करा. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, आणि तिथे गेल्यावर अजून एक. शिक्के ओरिजिनलच्या पाठीमागे बसतात, त्यामुळे डिग्री लॅमिनेट केली असेल तर ते काढायला लागतं. मी केली होती. पासपोर्ट शाळेला ठेवून घेता येत नाही, ‘सेफ राहील’ म्हणाले तरी देऊ नका.

प्रोबेशन 6 महिन्यांपेक्षा जास्त नसतं. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी 3 दिवस सुट्टी, पण उरलेले 4 दिवस पिट्टा पडतो. ट्यूशन घ्यायचा मोह होईल, तर डिसेंबर 2023 पासून त्याचं सरकारी परमिट मिळतं, फुकट आहे, ते काढल्याशिवाय एकही मुलगा घरी बोलवू नका.

आणि सासूबाई. त्या गप्प आहेत पण मनातून लाडवांची तयारी चाललीय, बघा तुम्ही. त्यांना एवढंच सांगा की डिंकाच्या लाडवात आणि गोड्या मसाल्यात खसखस घालू नका. तिथे खसखस ड्रग्जमध्ये धरतात, एअरपोर्टवरच अडकाल.