वाचकांचे प्रश्न : बनावट लिंक, कुलूप आणि ओटीपी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे फिशिंगविषयी, म्हणजे बँक, सरकारी खाते किंवा ओळखीची कंपनी असल्याचे भासवून पासवर्ड, ओटीपी आणि पैसे काढून घेणाऱ्या संदेशांविषयी होती. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मिरजेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंच्या नंबरवरून मला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या वाहनावर चलन झाले आहे’ असा संदेश आणि सोबत एक फाइल आली. आमची स्कूटर आम्ही केव्हाच विकली असल्यामुळे मी ती फाइल उघडली नाही. हे कळल्यावर जावयांनी माझ्या फोनमध्ये विकतचा अँटिव्हायरस घालून दिला आणि ‘आई, आता कोणतीही लिंक उघडलीत तरी चालेल’ असे सांगितले. यावर विसंबून राहावे का?

उत्तर : विसंबून राहू नये. जावयांनी काळजीपोटी जे केले ते वाया गेलेले नाही. पण ‘कोणतीही लिंक उघडलीत तरी चालेल’ हे वाक्य त्या अँटिव्हायरसच्या निर्मात्यांनीही लिहून दिले नसते.

तुम्हाला आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘एपीके’ अशी अक्षरे असतील. एपीके म्हणजे चलनाचा कागद किंवा फोटो नव्हे, तर अँड्रॉइड फोनवर बसवायचे एक सबंध अ‍ॅप असते. ते उघडले की फोन आधी ‘अनोळखी ठिकाणाहून आलेले अ‍ॅप बसवू का?’ असे विचारतो, आणि त्याला होकार दिला की ते अ‍ॅप स्वतः एसएमएस व सूचना वाचण्याची परवानगी मागते. एवढी परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या डोळ्यांपुढे येण्याआधीच चोराकडे पोहोचतो, आणि मग तुम्ही कोणालाही ओटीपी सांगितला नाही या गोष्टीला काही अर्थ उरत नाही. तुमच्या सहकारी बाईंनी ती फाइल जाणूनबुजून पाठवलेली नसणार. त्यांचा फोन किंवा त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले असण्याची शक्यता दाट आहे. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर न लिहिता साधा फोन करून आजच कळवा. त्यांनी ते अ‍ॅप बसवलेले असल्यास आधी त्या फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत, आणि त्यानंतरच फोन जाणकाराकडून पूर्ण पुसून नव्याने सुरू करून घ्यावा.

आता अँटिव्हायरसविषयी. असे सॉफ्टवेअर मुख्यतः आधी सापडलेल्या घातक फाइलींच्या खुणा आणि संशयास्पद हालचाली ओळखते, आणि चोर तीच फाइल थोडी बदलून पुन्हा पाठवत असल्यामुळे दरवेळी ती पकडली जाईलच असे नसते. शिवाय फिशिंगचा मोठा भाग असा असतो की त्यात फोनवर काही बसवायचेच नसते. एक हुबेहूब पान उघडते, त्यात एक अर्ज असतो आणि तो आपण आपल्या हाताने भरून देतो. अशा पानांचे पत्ते ब्राउझर आणि अँटिव्हायरस आपापल्या काळ्या यादीत टाकतात हे खरे; पण ही पाने अल्पायुषी असतात, आणि पत्ता यादीत चढेपर्यंत पहिल्या काही लोकांचे नुकसान झालेले असते. त्या पहिल्या काहींत आपण नसू, याची हमी कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही.

तेव्हा विकत घेतलेला अँटिव्हायरस राहू द्या. पण त्याहून जास्त उपयोगाच्या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप बसवणे’ ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या तिन्हींसाठी बंद आहे ना, हे जावयांकडूनच तपासून घ्या, आणि प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ ही अ‍ॅप तपासणारी सोय चालू ठेवा. चलनाची खरोखरच शंका आली, तर परिवहन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन वाहन क्रमांकावरून ते पाहता येते. सरकारी चलन व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपच्या रूपात येत नाही.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो आणि संगणक क्षेत्रातच नोकरी करतो, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. बँकेच्या केवायसीची मुदत संपत असल्याचा ईमेल आला. मराठी शुद्ध होते, बोधचिन्ह तंतोतंत होते, त्यातल्या लिंकने उघडलेल्या पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्हही होते. मी पासवर्ड टाकला; ओटीपी टाकणार तेवढ्यात घरून फोन आला आणि लक्ष विचलित झाले म्हणून वाचलो. मी नेमके काय पाहायला हवे होते?

उत्तर : तुमचा संकोच आधी दूर करू. ट्रॉय हंट हे ऑस्ट्रेलियाचे संगणक-सुरक्षा तज्ज्ञ. आपला ईमेल पत्ता एखाद्या चोरीला गेलेल्या माहितीसाठ्यात आहे का, हे जगभरचे लोक ज्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर पाहतात, ते यांनीच उभारले. मार्च 2025 मध्ये हे गृहस्थ लंडनमध्ये, प्रवासाच्या थकव्यात आणि अर्धवट झोपेत असताना, वाचकांना पत्रके पाठवण्यासाठी ते वापरत असलेल्या मेलचिंप या सेवेच्या नावाने आलेल्या एका बनावट ईमेलला फसले. ‘तुमचे पाठवणे थांबवले आहे, तपासून घ्या’ एवढाच मजकूर होता. ना आरडाओरड, ना धमकी. त्यांनी पासवर्ड टाकला, ओटीपीही टाकला, आणि पान अडकून पडले तेव्हा त्यांना जाग आली. तोवर त्यांच्या सुमारे 16,000 वाचकांची यादी बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्यांनी हा सगळा प्रकार स्वतःच जाहीरपणे लिहिला, म्हणून तो आपल्याला माहीत आहे.

त्या हकिगतीत आपल्या कामाचा एक तपशील आहे. हंट पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपोआप भरून देणारे सॉफ्टवेअर, वापरत होते, आणि त्या पानावर त्याने पासवर्ड आपोआप भरला नव्हता. कारण साधे होते. पासवर्ड मॅनेजर बोधचिन्ह, रंग, भाषा यांतले काही पाहत नाही; तो फक्त पत्ता जुळवतो, आणि त्या पानाचा पत्ता मेलचिंपचा नव्हता, तर मेलचिंप या नावापुढे आडवी रेघ देऊन शेपूट जोडलेला वेगळाच पत्ता होता. सॉफ्टवेअर गप्प बसले. माणसाने त्या गप्प बसण्याकडे दुर्लक्ष करून हाताने पासवर्ड भरला. असे दुर्लक्ष आपण सारेच करतो, कारण खऱ्या कंपन्याही कधीकधी दुसऱ्याच पत्त्यावर लॉगिन करायला लावतात आणि तिथेही मॅनेजर गप्पच बसतो. आपल्याकडच्या काही बँकांची संकेतस्थळे तर पासवर्ड चिकटवूही देत नाहीत. ग्राहकाने तो दरवेळी हाताने टाइप करावा यात कोणती सुरक्षा आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

म्हणून ‘मी नेमके काय पाहायला हवे होते’ या प्रश्नातच मला अडचण दिसते. बनावट पान पाहून ओळखता येईल, या समजुतीवरच चोराचा धंदा चालतो. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधल्या वाटेवर कोणी काही वाचू शकत नाही. पलीकडे बँक आहे की भामटा, याविषयी ते काहीच सांगत नाही, आणि बनावट पानालाही ते फुकट मिळते. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकले. अशुद्ध भाषेवरून फसवणूक ओळखण्याचे दिवसही सरले. शुद्ध मराठी आता यंत्र लिहून देते.

पत्ता वाचता येणे मात्र उपयोगाचे आहे. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या डावीकडे उलटे वाचत जा. तिथले टिंबांनी तोडलेले शेवटचे दोन-तीन तुकडे हाच खरा मालक. त्याच्या आधी बँकेचे नाव कितीही वेळा आले तरी ते सजावटीपुरते असते. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यांवर नेण्यास सांगितले होते, आणि हा शेवट बँकेखेरीज कोणालाही मिळत नाही, त्यामुळे भारतीय बँकेच्या बाबतीत हे उलटे वाचन सोपे झाले आहे. पण मोबाइलच्या अरुंद पट्टीत पत्त्याचा अर्धाच भाग दिसतो, आणि इंग्रजी ‘आर’ व ‘एन’ शेजारी आले की ‘एम’ वाटतात. चष्मा लावूनही चुकेल असे हे काम आहे. त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

त्याऐवजी दोन गोष्टी ठरवून टाका. पहिली म्हणजे बँक, आयकर, वीजबिल, भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडे संदेशातल्या लिंकवरून कधीच जायचे नाही. संदेश खरा असो की खोटा, आपण आपल्या जतन केलेल्या पत्त्यावरून किंवा अधिकृत अ‍ॅपवरूनच जायचे. केवायसी खरोखर बाकी असेल तर तिथेही तसे दिसेल. या सवयीचा फायदा असा की संदेश खरा की खोटा हे ठरवण्याची वेळच येत नाही, आणि रात्री अकरा वाजता थकलेल्या डोक्याने असले निर्णय घेऊही नयेत. दुसरी म्हणजे पासवर्ड मॅनेजर वापरायचा, मग तो ब्राउझरमधला फुकटचा का असेना. आणि नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड भरला गेला नाही, तर हाताने न भरता पान बंद करायचे.

जिथे सोय असेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचे कुलूप उघडतो तसे बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करण्याची सोय, घ्या, निदान ईमेलसाठी तरी; कारण ईमेल ताब्यात गेला की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात. ओटीपी हा तुम्ही वाचून कोणत्याही पानावर टाकू शकता आणि बनावट पान तो त्याच क्षणी खऱ्या बँकेकडे पुढे पाठवते. पासकी मात्र खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते आणि दुसऱ्या पत्त्यावर ती चालतच नाही, मग तुम्ही कितीही फसलेले असा. याच तत्त्वावर चालणाऱ्या संगणकाला जोडायच्या छोट्या सुरक्षा-किल्ल्या गूगलने 2017 पासून आपल्या 85,000 हून अधिक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर कामाच्या खात्यांवर एकही फिशिंग यशस्वी झाल्याची नोंद नसल्याचे कंपनीने 2018 मध्ये सांगितले. ते सगळे कर्मचारी एकाएकी शहाणे झाले असतील असे मला वाटत नाही.

तुम्ही पासवर्ड टाकलेलाच आहे, तेव्हा तो आज बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला.

प्रश्न : लातूरला माझे किराणा दुकान आहे. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे एका गिऱ्हाइकाने फोनवर सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन लागतो का?

उत्तर : लागत नाही. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पिन मागणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेत आहे, एवढे ध्यानात ठेवा. जाता जाता, दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेल्या तुमच्या स्वतःच्या कोडवर कोणी दुसरा कागद चिकटवून गेलेले नाही ना, हे रोज सकाळी दुकान उघडताना पाहत जा.

प्रश्न : नाशिकहून लिहीत आहे. माझ्या वडिलांनी, वय 71, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितला आणि खात्यातून मोठी रक्कम गेली. त्यांनी शरमेमुळे आम्हाला चार दिवस सांगितले नाही. आता काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण पत्र वाचून संपण्याआधीच 1930 या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करा आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. या क्रमांकावर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखून धरता येते. चोर मात्र पैसा एका खात्यात ठेवत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून तो पुढे पुढे सरकवत नेतो, म्हणून पहिल्या तासात केलेल्या तक्रारीला जे वजन असते ते चौथ्या दिवशी उरत नाही. तरीही तक्रार करायचीच, कारण पुढच्या सगळ्या कागदपत्रांना तिच्या पोचपावतीचा क्रमांक लागेल.

बँकेला लेखी कळवून त्याचीही पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा त्याच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असल्यास मात्र तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो आणि कळवण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. कळवल्यानंतर खात्यातून आणखी काही गेले तर ती जबाबदारी बँकेची. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही अट गैरसोयीची आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांनी ओटीपी एकदाच सांगितला आणि त्यानंतर त्यांच्या होकाराशिवाय अनेक व्यवहार झाले, असे काही खात्याच्या उताऱ्यात दिसत असेल तर ते तारीख-वेळेसह अर्जात मांडा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

वडिलांना रागावू नका. ते चार दिवस गप्प राहिले याचे कारण घरात ‘तुम्हाला कळत कसे नाही’ हे वाक्य ऐकावे लागेल ही भीती असू शकते, आणि चोरांना नेमका तेवढाच वेळ हवा असतो. पुढच्या वेळी बँकेच्या नावाने फोन आला तर तो बंद करून एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावायचा, असे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. बँकांचे सेवाविषयक फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असा नियम आता झाला आहे, त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून बोलणारा ‘अधिकारी’ तिथेच संशयास्पद ठरतो. अशा क्रमांकाची तक्रार दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत करता येते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण सांगायला विसरतात. येत्या काही आठवड्यांत तुमच्या वडिलांना ‘तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, परतावा मिळवण्यासाठी थोडे शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला पोलीस, वकील किंवा बँकेचा माणूस म्हणवेल आणि त्याच्याकडे गेलेल्या रकमेचा अचूक आकडाही असेल. तो आकडा त्याच्याकडे आहे, कारण वडिलांचे पैसे नेणाऱ्या टोळीनेच त्यांचा फोन नंबर त्या आकड्यासह पुढे विकलेला असू शकतो.