इंजिनिअरिंगच्या फीमधली सरकारी सवलत: आधी अलॉटमेंट लेटर काढून बघा

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला. यजमान सातपूर एमआयडीसीत, वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास, प्रवर्ग खुला. मोठ्याला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय आणि कॉलेजचे ऑफिसवाले म्हणतात, आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिपचं नंतर बघू. धाकटी बारावीला. आपण सवलतीत बसतो का, एवढंच तुम्ही विचारलंय. उत्पन्नाच्या बाजूने बसता. पण मुलाला प्रवेश कोणत्या मार्गाने मिळाला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात २२ वर्षं स्कॉलरशिपच्या टेबलावर होतो. तिथे रडत आलेले बहुतेक पालक मार्कांमुळे किंवा उत्पन्नामुळे अडलेले नव्हते. प्रवेश घेतानाच त्यांचा हक्क गेला होता आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्यासाठी योजना आहे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आपण सगळे तिला ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, म्हणतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, महाराष्ट्राचा अधिवास, एका घरातल्या दोनच मुलांना लाभ, दुसरी कुठली स्कॉलरशिप चालू नसणं, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून. या शेवटच्या अटीला पळवाट नाही. मॅनेजमेंट कोटा तर नाहीच, पण कॅपच्या फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा कॉलेज आपल्या पातळीवर भरतं, तोही प्रवेश संस्था स्तरावरचाच. 'मेरिटनेच घेतलंय' असं तिथे सांगतात, ते खोटं नसतं. सवलत मात्र मिळत नाही.

माझ्या सख्ख्या भाच्याचं असंच झालं. कॅपमध्ये त्याला सिन्नरकडचं कॉलेज लागलं होतं. रोज एवढं लांब कुठे जाणार म्हणून ते सोडलं आणि शहरातल्या एका कॉलेजात उरलेल्या जागेवर प्रवेश घेतला. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, 'फॉर्म भरा, होऊन जाईल.' मला कळलं तेव्हा दिवाळी उलटली होती. प्रवेशाचा प्रकार पहिल्या वर्षी पडतो तो शेवटपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे चारही वर्षं पूर्ण फी भरावी लागली. बहिणीच्या पाटल्या गहाण पडल्या. या टेबलावर बसणारा मामा घरात असून हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आज संध्याकाळी मुलाकडून अलॉटमेंट लेटर, म्हणजे जागा मिळाल्याचं पत्र, मागा. सीईटी सेलचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचं पत्र असेल, त्यावर कॅपची फेरी आणि जागेचा प्रकार छापलेला असेल, तर तुमचा मुलगा पात्र आहे. मग ऑफिसात जाऊन नम्रपणे पण ठामपणे सांगा की मुलगा ईबीसीत बसतो, आम्ही शिक्षण शुल्क निम्मंच भरतो. पात्र मुलांकडून पूर्ण शुल्क घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. ऐकलं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं कोणाच्या लक्षात राहत नाही.

निम्मं म्हणजे एकूण फीच्या निम्मं नाही, इथे फार जण फसतात. सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कावर आहे. समजा फी १ लाख १० हजार आहे आणि त्यात शिक्षण शुल्क ९५ हजार. तर सूट साडेसत्तेचाळीस हजारांची आणि परीक्षा शुल्काच्या निम्म्याची. विकास शुल्क, अनामत, बस, गणवेश हे सगळं तुमच्याच खिशातून. पावती मागताना रकाने वेगळे करून मागा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. हातात येणारा पगार धरू नका, फॉर्म १६ वरचा आकडा बघा. ओव्हरटाइम आणि बोनसने तो वाढलेला असतो. गावाकडे द्राक्ष-कांद्याची शेती नावावर असेल तर तेही उत्पन्न धरतात, लपवू नका. सेतूमध्ये जूनमध्ये गर्दी उसळते, तेव्हा धाकटीची कागदपत्रं आत्तापासून काढायला घ्या.

धाकटीचं मात्र नीट वाचा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. म्हणजे आपल्याला कोणता दाखला लागू होतो हे प्रवेशाआधीच ठरवायचं. मराठा समाजातले असाल तर एसईबीसी, किंवा घरात जुनी कुणबी नोंद असेल तर ती शोधा. बीबीए, बीसीएचा विचार असेल तर त्यांनाही २०२४ पासून सीईटी आहे. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून थेट प्रवेश सुरू ठेवलेत. तिथे नाव घालण्याआधी, हा कोर्स कॅपमध्ये आहे का, हे विचाराच.

सवलतीचे पैसे विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि इथेही घोळ होतो. सुरगाण्याच्या एका मुलीचे वडील पिशवीत पासबुक घेऊन पहिल्या एसटीने आले होते. महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपचा फॉर्म जिथे भरतात त्या सरकारी संकेतस्थळावर, पैसे जमा झाल्याचं दिसत होतं आणि पासबुक कोरं. तासभर शोधल्यावर कळलं, मोबाईलचं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन भलत्याच बँकेत खातं उघडलं होतं आणि आधार शेवटी तिथे जोडलं गेलं होतं. पैसे तिथे पडून होते. केवायसीला आधार दिलं म्हणजे ते पैशासाठी जोडलं गेलं असं नसतं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलीय ते दिसतं. फॉर्म भरण्याआधी बघून घ्या.

इथे वाचणारे एससी, एसटीचे पालक असतील तर त्यांचे नियम वेगळे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. एससीसाठी त्यावर फ्रीशिप, म्हणजे फी माफी आहे. आदिवासी मुलांनी नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा असतो. तो परत पाठवला गेला तर फोनवर कोणी कळवत नाही, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून बघायला मुलाला सांगा. आणि लेटरवर जागेचा प्रकार काय लिहिलाय, तेवढी एक ओळ इथे टाका. नाव, नंबर टाकू नका. संस्था स्तरावरचा निघाला आणि कॅपची एखादी फेरी अजून बाकी असेल, तर काय करता येईल ते लगेच सांगतो.