'अटेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रिय मित्रा,

'अटेंट' (attaint) या जुन्या इंग्रजी शब्दासाठी तू अनुवादात 'कलंक' लिहिलास. कोशात तो अर्थ आहे, पण शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांत तेवढ्यावर भागत नाही.

शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ गाठणं, पोचणं; 'अटेन' (attain) हा त्याचा सख्खा भाऊ. कायद्याच्या भाषेत तो 'दोषी ठरवणं' या अर्थाने स्थिरावला. डाग या अर्थाचा 'टेंट' (taint) रंगाशी नातं सांगणाऱ्या दुसऱ्या मुळाचा, पण उच्चार जवळचे असल्याने दोघांची सरमिसळ झाली आणि 'अटेंट'वर बेअब्रूची छटा गडद झाली. म्हणून आज वाचणाऱ्याला आधी डाग दिसतो, निवाडा दिसत नाही. बहुतेक चुका इथेच होतात.

त्या निवाड्याने काय व्हायचं ते नीट समजून घे. राजद्रोही ठरलेल्याचा जीव तर जायचाच, शिवाय जमीन आणि किताब राजाकडे जायचे आणि त्याचं 'रक्त दूषित' मानलं जायचं. म्हणजे त्याला वारसा मिळत नसे आणि त्याच्याकडून मुलांकडे जातही नसे. खटला न चालवता संसदेच्या कायद्यानेही हे करता येई. 1540 मध्ये थॉमस क्रॉमवेलचा शिरच्छेद असाच झाला. अमेरिकेच्या 1787च्या संविधानाने असे कायदे करायला मनाई केली. इंग्लंडमध्ये 1870च्या कायद्याने राजद्रोह आणि गंभीर गुन्ह्यांतली ही शिक्षा संपली. तोवर ही बेअब्रू लोकांच्या तोंडी असायची तशी वारसाहक्काच्या कागदावरही असायची.

आता 'सहावा हेन्री'च्या पहिल्या भागातला टेंपल बागेतला प्रवेश घे. सॉमरसेट रिचर्ड प्लँटॅजेनेटला हिणवतो: बापाच्या द्रोहाने तूही 'अटेंटेड' आहेस, तुझी खानदानी गेली, पुन्हा प्रतिष्ठापना होईपर्यंत तू साधा शेतकरी. रिचर्डचं उत्तर असं, की बापाला 'अटॅच' केलं होतं, 'अटेंट' नाही. 'अटॅच' म्हणजे इथे अटक. दोन्हीकडे 'कलंकित' आणि 'बदनाम' असे जवळजवळचे शब्द टाकलेस तर रिचर्डचा सगळा युक्तिवादच कोसळतो. 'अटक झाली होती, कुळ बाटवणारा निवाडा झाला नव्हता' असं काहीतरी हवं. 'बाटणं' मला इथे पटतं, कारण त्यात एकाचा दोष घराला चिकटतो. 'वतन जप्त' मात्र टाळ. अर्थ जवळचा असला तरी वाचक लंडनहून थेट देशमुखीत येऊन पडतो.

तिसऱ्या अंकात राजा रिचर्डला 'रक्तात' परत घेतो. तिथे तू 'मानमरातब परत दिला' असं केलंयस. रक्त हा शब्द दोन्ही प्रवेशांत ठेव, नाहीतर बागेत लागलेली गाठ इथे सुटताना दिसत नाही.

उलट 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये ल्युसियाना मेहुणा समजून ज्याला सुनावते, त्याला विचारते: कोणता चोर स्वतःचा 'अटेंट' मिरवतो? तिथे वारसा नाही, जमीन नाही. 'काळं तोंड' किंवा 'बट्टा' चालेल. 'कलंक' जरा जड होतो.

नवी जागा आली की आधी शेजारचे शब्द बघ. पुढे 'ऑफ' आणि गुन्ह्याचं नाव असेल तर निवाडा. जवळपास बाप, रक्त, जमीन किंवा किताब असेल तरी निवाडाच. नुसतं नाव, इभ्रत किंवा शील असेल तर बट्टा. घोड्याच्या पायाचा उल्लेख असेल तर ती मागच्या खुराने पुढच्या पायाला झालेली जखम असते, तिथे अब्रूचा संबंध नाही. आणि 1825 पर्यंत इंग्लंडमध्ये याच नावाची एक न्यायालयीन कारवाईही होती: 12 जणांच्या ज्यूरीने खोटा निर्णय दिल्याचा आरोप 24 जणांची ज्यूरी तपासायची. ज्यूरी आणि निर्णय एकत्र दिसले तर तोही अर्थ तपास.

बागेतला प्रवेश आणि तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश समोरासमोर ठेवून पुन्हा कर, आणि दोन्ही एकत्रच पाठव.